भिवंडीच्या मागांसाठी अँटी-डम्पिंग ड्युटी मागायची तर

‘बाहेरचं कापड बंद करा’ असं निवेदन कलेक्टर कचेरीत दिलं की पोच मिळते, ड्युटी मिळत नाही. आयात शुल्काचा निर्णय दिल्लीत होतो. तिथल्या टेबलावर नारपोलीत किती गाळे बंद पडले आणि किती माग भंगारात गेले याला वजन कमी. अमुक आठ आकडी कोडखाली (कस्टमने मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेला क्रमांक), अमुक देशातून, अमुक भावाने किती कापड उतरलं आणि त्यामुळे मीटरमागे आपल्याला किती फटका बसला, हे मांडता आलं तर फाइल हलते. ही फाइल, म्हणजे पाडलेल्या भावाने येणाऱ्या परदेशी मालावर जादा शुल्क (अँटी-डम्पिंग ड्युटी) मागणारा अर्ज, कशी बांधायची ते पुढे दिलं आहे. हे काम एकट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचं आहे. संघटनेने, निदान पंधरावीस जणांच्या गटाने उचलावं.

आधी कोड

बाजारात आपल्या मालाला मारणारं जे आयात कापड दिसतं त्याचे तीन-चार वेगवेगळ्या गोदामांतून दोन-दोन मीटर तुकडे बिलासकट विकत घ्या. कडेचा धागा ओढून पाहा. सरळ धागा निघाला तर कापड विणलेलं, म्हणजे आपल्या जातीचं. फासे उसवत गेले तर ते निटेड. फरक क्षुल्लक वाटतो, पण सगळा खेळ इथेच आहे.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ टॅरिफ ओळींवरचं मूळ आयात शुल्क ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त’ असं झालं. त्याआधी मार्च २०२४ पासून सिंथेटिक निटेड कापडाच्या पाच कोडवर किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लागू होती. शेजारचे कोड मोकळे राहिल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे; त्याच सप्टेंबरात यादी तेरा कोडवर न्यावी लागली. हे सगळं संरक्षण कस्टम टॅरिफच्या ६० व्या, म्हणजे निटेड कापडाच्या, प्रकरणातलं. भिवंडीच्या मागावर निघणारं कापड ५२, ५४ आणि ५५ व्या प्रकरणात बसतं: फिलामेंटचं (अखंड तंतूचं) ५४०७, स्टेपल फायबरचं (तुकड्यांच्या तंतूचं) ५५१२ ते ५५१६, सुती ५२०८ ते ५२१२. ११५ रुपयांची बातमी वाचून पेढे वाटलेल्या मागवाल्याला त्यातून थेट काहीच मिळालेलं नाही.

त्या ११५ रुपयांमागचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. ११५ हे ५७५ चे २० टक्के. म्हणजे किलोला ५७५ रुपयांपेक्षा स्वस्त कापडावर ११५ चा आकडा लागतो, त्याहून महागावर टक्केवारी. २०० रुपये किलो दाखवून आलेल्या मालावर ते ५७.५ टक्के पडतं. नुसती टक्केवारी असली की आयातदार बिलात भाव कमी दाखवतो आणि ड्युटीही आपोआप कमी होते. म्हणून कुठलंही संरक्षण मागताना ‘किलोला किंवा चौरस मीटरला इतके रुपये’ अशी मागणी करा. हा मुद्दा अर्जात शेवटी चिकटवू नका, पहिल्या पानावर घ्या.

नमुन्यांची घटक-तपासणी आणि जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) प्रभादेवीच्या वस्त्र समितीच्या किंवा वरळीच्या सस्मिराच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. जाळून वास घेऊन पॉलिएस्टर ओळखणं मेहताजीला जमतं, पण तो पुरावा होत नाही. ५५१३ आणि ५५१४ मधला फरक तर केवळ चौरस मीटरला १७० ग्रॅमच्या खाली की वर, एवढाच आहे.

कोणत्या दारातून जायचं

माल स्वस्त येतो याची कारणं वेगवेगळी असतात, आणि कारणाप्रमाणे कचेरी बदलते.

परदेशी कारखाना स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने इथे पाठवत असेल तर ते डम्पिंग. त्यासाठी दिल्लीतलं डीजीटीआर, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय. कायदा १९७५ चा कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट, कलम ९अ. नियम १९९५ चे.

भाव खरा वेगळाच आहे आणि बिल खोटं आहे, तर ते अंडरइनव्हॉइसिंग. त्याची तक्रार न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसकडे किंवा डीआरआयकडे (महसूल गुप्तचर संचालनालय). एखाद्या प्रकारच्या मालाचा भाव सतत खोटाच लागत असेल तर फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या मूल्य-घोषणा नियमांखाली केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाकडे लेखी संदर्भ देता येतो. तो मान्य झाला की त्या मालाच्या आयातदाराला भाव सिद्ध करण्यासाठी जास्तीची माहिती द्यावी लागते. डम्पिंगचा अर्ज करून अंडरइनव्हॉइसिंग थांबत नाही. ही गल्लत फार होते आणि दोन वर्षं वाया जातात.

माल तिसऱ्याच देशाचा आणि कागद बांगलादेश किंवा आसियानचा (आग्नेय आशियाई देशांचा गट), तर मुद्दा उगमाच्या दाखल्याचा. साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार कराराखाली बांगलादेशाच्या मालाला शून्य शुल्क आहे, पण अल्पविकसित देश म्हणून किमान ३० टक्के मूल्यवर्धन तिथेच झालेलं हवं. आसियान करारात ३५ टक्के. २१ सप्टेंबर २०२० पासून ‘कॅरोटार’ नियमांमुळे ही माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते आणि कस्टम ती मागू शकतं. २०१८ मध्ये जुलै-ऑगस्टला शेकडो कापड-कपड्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवर नेलं, तेव्हाही करारातून येणाऱ्या मालाला त्याचा धक्का लागला नव्हता.

शुल्कच वाढवून हवं असेल तर अर्थसंकल्पापूर्वीच्या सूचना. किमान किंमत किंवा बंदराची अट हवी असेल तर डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय). १७ मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या समुद्री बंदरांतूनच आणायचे, हा आदेश डीजीएफटीचाच. असे आदेश रातोरात येतात, तसेच रातोरात जातातही. अँटी-डम्पिंग मिळायला वेळ लागतो, पण मिळाली की साधारण पाच वर्षं टिकते. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

अर्ज कोणाच्या नावाने

नियम ५ प्रमाणे अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या त्या मालाच्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं, आणि ज्यांनी मत दिलं त्यांच्यात बाजूने असणाऱ्यांचं उत्पादन विरोधकांपेक्षा जास्त हवं. गप्प बसलेले मोजत नाहीत.

‘सर्व पॉलिएस्टर कापड’ असं लिहिलंत तर सुरत, इचलकरंजी, मालेगाव, भिलवाडा सगळे एकूणात येतात आणि २५ टक्के कधीच भरत नाहीत. म्हणून माल अरुंद बांधा: कोणतं सूत, कोणता डेनिअर (सुताची जाडी), ग्रे (कोरं) की रंगवलेलं, जीएसएम किती ते किती. फार अरुंद केलं की शेजारून पळवाट निघते. ज्यूटचं उदाहरण पाहा. बांगलादेश आणि नेपाळच्या ज्यूट मालावर जानेवारी २०१७ मध्ये ड्युटी लागली, ती सुतावर, हेसियन कापडावर आणि शिवलेल्या गोणीवर होती. मग न शिवलेलं गोणीचं कापड येऊ लागलं आणि तेही ड्युटीत आणायला २०१९ उजाडलं. व्याख्या लिहिताना ‘हाच माल दुसऱ्या कोणत्या रूपात येऊ शकेल’ हे एखाद्या आयात एजंटला चहा पाजून विचारा. तो पाच मिनिटांत सांगेल.

विखुरलेल्या उद्योगासाठी डीजीटीआरने वेगळी सोय ठेवली आहे: संघटना अर्ज करू शकते आणि प्रत्येक लहान कारखान्याकडून पूर्ण आकडे मागितले जात नाहीत, निवडक कारखान्यांचे चालतात. अर्जाला फी नाही. लघुउद्योगांसाठी मदतकक्ष आहे, तिथे मसुदा आधी दाखवून घ्या.

भिवंडीची खरी अडचण जॉबवर्कची. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, विक्री त्या दुसऱ्याच्या बिलावर. मागवाल्याकडे फक्त मजुरीचं बिल, त्यामुळे तोट्याचे आकडे त्याच्याकडे नाहीत. ते सूत देणाऱ्या मास्टर वीव्हरकडे आहेत, आणि मास्टर वीव्हर कधीकधी स्वतःच आयात कापड विकतो. स्वतः आयात करणाऱ्याला ‘देशी उद्योगा’तून वगळलं जाऊ शकतं. त्यामुळे गट बांधताना प्रत्येकाची गेल्या चार वर्षांची आयात आधी तपासा. जॉबवर्कवाले आणि सूत घेऊन स्वतः विकणारे, दोघेही अर्जात हवेत, पण किमतीचा आणि तोट्याचा हिशेब दुसऱ्या प्रकारच्या कारखान्यांवर उभा करा.

प्रत्येक कारखान्याकडून घ्यायचे कागद: उद्यम नोंदणी, वस्त्रोद्योग विभागाकडची वीज सवलतीची नोंदणी, चार वर्षांची वीजबिलं, जीएसटी रिटर्न, ताळेबंद, सुताची खरेदी बिलं, आणि मागांची संख्या पन्ह्यासह. वीजबिल सगळ्यात बोलकं. वहीतलं उत्पादन आणि युनिट यांचा मेळ बसला नाही तर तपासणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

क्षमता मीटरमध्ये नको, पिकमध्ये

इथे भलेभले फसतात. साधा माग मिनिटाला १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मारतो असं धरा. दोन पाळ्या मिळून २४ तासांत १,७२,८०० पिक. कापड इंचाला ६० पिकचं असेल तर एका मीटरला ६० × ३९.३७ म्हणजे सुमारे २,३६२ पिक लागतात. म्हणून पूर्ण क्षमता दिवसाला ७३ मीटर, ७५ टक्के कार्यक्षमतेला ५५ मीटर. तोच माग ४४ पिकचं कापड काढत असेल तर पूर्ण क्षमता १०० मीटर.

आता समजा गटातले निम्मे कारखाने दोन वर्षांपूर्वी ४४ वरून ६० पिकवर गेले. मीटरमधलं त्यांचं उत्पादन २७ टक्के घसरलेलं दिसतं, पण माग तितकेच चालतायत. समोरच्या आयातदाराचा वकील हे हेरतो आणि ‘नुकसान झालेलंच नाही, माल बदलला’ असं म्हणतो. तो चूक म्हणत नसतो. सगळं उत्पादन एका पायाभूत पिकवर आणून लिहा आणि रूपांतराचा तक्ता अर्जाला जोडा.

एका मीटरचा हिशेब

पुढचे भाव फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. तुमचे तुम्ही भरा.

ताण्याला ४,००० तार, ७५ डेनिअर. एक डेनिअर म्हणजे ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. ४,००० × ७५ ÷ ९,००० = ३३.३३ ग्रॅम. बाण्याला इंचाला ६० पिक, रीडमध्ये (मागाच्या फणीत) रुंदी ५० इंच म्हणजे १.२७ मीटर: २,३६२ × १.२७ = ३,००० मीटर सूत, ७५ डेनिअरने २५ ग्रॅम. एकूण ५८.३३. सुताची आकसण आणि वाया जाणं मिळून ४ टक्के धरले तर ६१ ग्रॅम. सूत १३० रुपये किलो असेल तर ७ रुपये ९३ पैसे. विणाई मीटरला, इंचातल्या दर पिकमागे १० पैसे दराने, ६ रुपये. सायझिंग (ताण्याला खळ), बीम, वाहतूक १ रुपया ७ पैसे. झाले १५ रुपये मीटर.

या ६ रुपयांवर थांबू नका. बाजारात तो ‘रेट’ आहे. अर्जात तो खर्च म्हणून चालत नाही. त्याची फोड लागते: विणणाऱ्याची मजुरी, कांडी भरणारा, जॉबर, मेहताजी, वीज, गाळ्याचं भाडं, शटल-पिकरसारखे सुटे भाग, घसारा. ही फोड कॉस्ट अकाउंटंटच्या सहीने जाते. भिवंडीत बहुतेकांचं काम सीएवर भागतं, कॉस्ट अकाउंटंट शोधावा लागतो. त्याला पहिल्याच महिन्यात गाठा.

डीजीटीआर यावर ‘नॉन-इंज्युरियस प्राइस’ काढतं: म्हणजे ज्या भावाला देशी उत्पादकाला इजा होत नाही तो भाव. गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरण्याची तिथली रीत आहे. पण सूत, वीज आणि क्षमता यांचा वापर तुमच्या गेल्या वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाचा धरतात. निम्मे माग बंद ठेवून वाढलेला खर्च तुम्हाला परत मिळत नाही. जुन्या मागावरची जास्तीची मोडतोडही नाही.

समजा परतावा मीटरला ८५ पैसे बसला. भाव झाला १५.८५. पन्हा ४८ इंच म्हणजे १.२१९ मीटर, आयातीची आकडेवारी विणलेल्या कापडाची चौरस मीटरमध्ये असते, म्हणून भागा: १३ रुपये चौरस मीटर. आयात कापड ९.५० ला उतरलं, त्यावर २० टक्के शुल्क आणि शुल्काचा १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून २२ टक्के: ११.५९. फरक १ रुपया ४१ पैसे. ही इजेची मर्यादा. आयातीवरचा आयजीएसटी या बेरजेत धरायचा नाही, कारण तो पुढे वळता होतो.

डम्पिंगची मर्यादा वेगळी: मूळ देशातला भाव ११.५० आणि कारखान्यातून निर्यातीचा भाव ९.०० असेल तर २.५०, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. आपल्याकडे दोन्हींपैकी कमी तीच ड्युटी लागते. म्हणजे १.४१. ‘२८ टक्के डम्पिंग सिद्ध झालं’ म्हणून २८ टक्के मिळत नाहीत, हे सभासदांना पहिल्या बैठकीतच सांगून टाका. नाहीतर निकालाच्या दिवशी संघटनेत भांडण.

चीनमधला देशांतर्गत भाव तिथला बाजार मुक्त नाही या गृहीतकामुळे बहुधा स्वीकारला जात नाही; इथल्या खर्चावरूनच तो बांधला जातो. तेव्हा हाच खर्चाचा तक्ता दोन्हीकडे कामाला येतो. एका जागची चूक दोन जागी दिसते.

आयातीचे आकडे आणि काळ

वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठ आकडी कोडनिहाय, देशनिहाय आकडे फुकट मिळतात. तिथून सुरुवात करा. अर्जासाठी मात्र व्यवहारनिहाय आकडेवारी लागते, ती व्यापाराची आकडेवारी ठेवणाऱ्या कोलकात्याच्या सरकारी डीजीसीआयएसकडून घ्यायची. तपासाचा काळ साधारण एक वर्षाचा, आणि तपास सुरू होण्याच्या दिवशी तो सहा महिन्यांहून जुना नसावा. त्याआधीची तीन आर्थिक वर्षं नुकसानीचा कल दाखवायला. आकडे गोळा करण्यात आठ महिने गेले की काळ शिळा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कागद आधी गोळा करा, काळ शेवटी ठरवा.

एखाद्या देशाचा वाटा एकूण आयातीच्या ३ टक्क्यांखाली असेल, किंवा डम्पिंग २ टक्क्यांखाली असेल, तर त्या देशापुरता तपास सहसा बंद होतो. निर्यातप्रधान कारखाने आणि सेझमध्ये आलेल्या मालाला ही ड्युटी सहसा लागत नाही. तेवढं प्रमाण आधीच वजा करून दाखवा.

अर्ज ‘आर्टिस’ पोर्टलवर जातो, दोन प्रतींत. एक गोपनीय, एक सगळ्यांना दाखवायची. दुसरीत आकडे काळे करून चालत नाही, कल कळला पाहिजे. पहिलं वर्ष १०० धरून पुढची वर्षं निर्देशांकात लिहायची: १००, ९४, ८१. ही प्रत ढिसाळ असली की समोरचा पक्ष तेवढ्यावरून महिने खातो.

जिथे प्रकरण पडतं

आयातीमुळेच नुकसान झालं हे दाखवावं लागतं. विजेचे दर, सुताचे भाव, जुने माग, गावी गेलेले कामगार, फॅशन बदलणं यांचा परिणाम वेगळा काढायचा असतो. भिवंडीच्या निवेदनांत ही सगळी गाऱ्हाणी एकाच पानावर असतात आणि आयातदाराचा वकील तेच पान पुरावा म्हणून जोडतो. गेल्या चार वर्षांत संघटनेने वीजदरावर काय काय लिहून दिलंय ते काढून वाचा, आणि उत्तर तयार ठेवा.

तपास सुरू झाल्यावर तात्पुरती ड्युटी ६० दिवसांच्या आत लागू शकत नाही. तपासाला बारा महिने, वाढवून अठरा. मग शिफारस अर्थ मंत्रालयाकडे, तिथे तीन महिने. शिफारस म्हणजे ड्युटी नव्हे. अर्थ मंत्रालय नाही म्हणू शकतं, आणि लागलेली काढूही शकतं: फेब्रुवारी २०२० मध्ये पीटीएवरची (पॉलिएस्टरचा कच्चा माल) आणि ऑगस्ट २०२१ मध्ये व्हिस्कोस स्टेपल फायबरवरची ड्युटी त्यांनी काढली. अशी ड्युटी गेली की सूत स्वस्त व्हायला वाव मिळतो आणि त्यात फायदा विणणाऱ्यांचा असतो.

म्हणूनच मागवाल्याने डीजीटीआरच्या नव्या सूचना दर आठवड्याला पाहाव्यात. सुतावर किंवा फायबरवर ड्युटी मागणारं प्रकरण निघालं की ‘वापरकर्ता’ म्हणून सूचनेत दिलेल्या मुदतीत, साधारण तीस दिवसांत, नाव नोंदवायचं आणि आर्थिक हिताची प्रश्नावली भरायची. मोठ्या सूत गिरण्यांचे वकील तिथे हजर असतात, मागवाला बहुतेक वेळा नसतो. वरच्या हिशेबात सूत किलोला दहा रुपयांनी चढलं तर मीटरला ६१ पैसे वाढतात. कापडावर १.४१ मिळवायला दोन वर्षं झिजायचं आणि सुतावर ६१ पैसे न बोलता घालवायचे, असं होऊ देऊ नका.

ड्युटी लागल्यावर

दर महिन्याला तीन तक्ते पाहायचे: आपल्या कोडची आयात, शेजारच्या दोन कोडची आयात, आणि ज्या देशावर ड्युटी नाही तिथून अचानक वाढलेला माल. शेजारचा आकडा उडी मारताना दिसला की पुन्हा बाजारातून तुकडे घ्या, पुन्हा प्रयोगशाळा, आणि नियम २५ खाली पळवाटीचा अर्ज. मानकोली-काल्हेरच्या गोदामांत काय उतरतंय हे आकडेवारी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी हमालांना आणि टेम्पोवाल्यांना माहीत असतं. गटातल्या एकाला तेवढंच काम द्या.

पाच वर्षांची मुदत संपली की ड्युटी आपोआप जाते. ज्यूटवाल्यांनी वेळेत पुनरावलोकन मागितलं आणि २०२२ च्या अखेरीस ती पुन्हा पाच वर्षांसाठी लागली. अधिसूचनेची तारीख संघटनेच्या कचेरीत भिंतीवर लावा, आणि त्याच्या किमान वर्षभर आधी वीजबिलं आणि सुताची बिलं पुन्हा मागवायला सुरुवात करा, कारण पदाधिकारी तोपर्यंत बदललेले असतात आणि जुनी फाइल कोणाच्या कपाटात आहे हे कोणालाच आठवत नसतं.